रिंगणातला माणूस : भुतांचा शोध घेणाऱ्या कार्नाकीचा जनक विल्यम होप हॉजसन

जानेवारी १९१० मध्ये लंडनच्या 'द आयडलर' या मासिकात एका नव्या कथामालेला आरंभ झाला. तिचा नायक कार्नाकी हा भुताटकीच्या तक्रारी तपासण्याचे काम पत्करणारा गृहस्थ होता. थेम्सच्या काठी, चेल्सीतील चेनी वॉक या रस्त्यावर त्याचे बिऱ्हाड होते. एखादे प्रकरण संपले की तो चार मित्रांना चिठ्ठी पाठवून जेवायला बोलावी. जेवताना प्रकरणाविषयी अक्षरही काढायचे नाही, हा त्याचा दंडक होता. मग तो आरामखुर्चीत बसून पाइप पेटवी आणि सारा वृत्तान्त सांगे. कथा संपली की पाहुण्यांना प्रेमळ दटावणी देऊन नदीकाठच्या रात्रीत बाहेर काढी.

या कार्नाकीचा जनक विल्यम होप हॉजसन तेव्हा ३२ वर्षांचा होता. त्यापूर्वी तो खलाशी, व्यायामशाळेचा चालक आणि छायाचित्रकार होऊन गेला होता. पुढे तो सैनिक झाला आणि चाळिसाव्या वर्षी युद्धात मारला गेला. भुतांच्या शोधकर्त्यांच्या कथा इंग्रजीत त्याच्या आधीही लिहिल्या गेल्या आणि नंतरही. तरीही या प्रकाराची मोहिनी नेमकी कशात आहे, हे समजून घ्यायचे तर हॉजसनच्या आयुष्यापाशी यावे लागते. भीती म्हणजे काय आणि तिच्यापुढे माणसाने कसे उभे राहावे, हे तो पुस्तकांतून शिकला नव्हता.

धर्मगुरूचा पळपुटा मुलगा

हॉजसनचा जन्म १५ नोव्हेंबर १८७७ रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात, ब्लॅकमोर एंड या खेड्यात झाला. वडील सॅम्युएल हॉजसन हे अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू होते. घरात बारा मुले जन्मली; त्यांतील तीन तान्हेपणीच गेली. वडिलांची नेमणूक सारखी बदलत असे आणि कुटुंबही त्यांच्या मागोमाग गावोगाव फिरत असे. या फिरतीत आयर्लंडच्या पश्चिमेकडील गॉलवे परगण्यातील आर्ड्राहन हे गाव आले. तिथली बहुसंख्य वस्ती कॅथलिक. अँग्लिकन धर्मगुरूच्या घराकडे गाव परकेपणाने पाही. ओसाड माळरान, सततचा पाऊस आणि भोवतालच्या लोकांचा अविश्वास यांत या मुलाची काही वर्षे गेली. पुढे त्याच्या कथांतील झपाटलेली घरे पुन्हा पुन्हा पश्चिम आयर्लंडमध्येच उभी राहिली.

तेराव्या वर्षी तो खलाशी होण्यासाठी शाळेतून पळाला. त्याला पकडून घरी आणण्यात आले. पण त्याचा हट्ट मोडला नाही. अखेर एका काकांनी मध्यस्थी केली आणि १८९१ मध्ये तो व्यापारी जहाजावर शिकाऊ खलाशी म्हणून रुजू झाला. पुढच्याच वर्षी वडील वारले. मागे उरलेल्या कुटुंबाला हलाखीचे दिवस आले.

समुद्राने त्याचा भ्रम लवकरच उतरवला. शिडांच्या जहाजांचा तो अखेरचा काळ होता. वाफेच्या जहाजांशी स्पर्धा करताना मालक खर्चाला कात्री लावत, आणि त्याची झळ सर्वांत खालच्या पोरांना बसे. अन्न निकृष्ट, काम अखंड आणि पगार नावापुरता. हॉजसन बांध्याने लहान होता, चेहऱ्याने देखणा होता. त्यामुळे जहाजावरील दांडग्यांच्या छळाला तो आयताच सापडला. एका अधिकाऱ्याने तर त्याला विशेष त्रास दिला. त्यावर त्याने शोधलेला उपाय पुढे त्याच्या साऱ्या आयुष्याचे सूत्र ठरला. ज्याची भीती वाटते त्याचा अभ्यास करायचा, आणि त्याला तोंड देण्यासाठी साधन तयार करायचे. त्याने व्यायाम सुरू केला, स्नायूंची रचना समजून घेतली, मुष्टियुद्धाचा सराव केला. काही वर्षांत त्याच्या वाटेला जाणाऱ्यांना पश्चात्ताप होऊ लागला.

१८९८ मध्ये न्यूझीलंडच्या जवळपास त्याच्या जहाजावरील एक अधिकारी उंचावरून समुद्रात पडला. त्या पाण्यात शार्क होते. हॉजसनने मागचापुढचा विचार न करता उडी घेतली आणि मदतीची होडी येईपर्यंत त्याला तरंगत ठेवले. या कृत्याबद्दल रॉयल ह्यूमेन सोसायटीने त्याला पदक दिले.

जहाजावर त्याच्याजवळ कॅमेराही असे. वादळे, विजा, उसळलेल्या लाटा यांची छायाचित्रे तो काढी आणि रोजनिशी ठेवी. ज्या क्षणी इतर माणसे देवाचे नाव घेत, त्या क्षणी हा तरुण काचेच्या पट्टीवर वादळाची नोंद करू पाहत होता. पुढे जमिनीवर परतल्यावर तीच चित्रे पडद्यावर दाखवून त्याने व्याख्याने दिली. भुताच्या खोलीत कॅमेरा लावून बसणारा कार्नाकी इथेच घडत होता.

हुदिनीला जखडणारा व्यायामशिक्षक

समुद्राला रामराम ठोकून १८९९ मध्ये हॉजसनने लँकेशरमधील ब्लॅकबर्न या गिरणगावात व्यायामशाळा काढली. शरीरसंवर्धनाचे ते वेडाचे दिवस होते. यूजिन सँडो या पैलवानाचे नाव इंग्लंडभर गाजत होते आणि त्याच्या नावाच्या मासिकात हॉजसनचेही लेख छापून येऊ लागले होते. गावातील पोलीस त्याच्याकडे व्यायाम शिकायला येत. स्वतःच्या शाळेची जाहिरात करण्याची एकही संधी तो सोडत नसे. ब्लॅकबर्नमधील एका उभ्या जिन्यावरून तो सायकल चालवत खाली उतरला होता.

२४ ऑक्टोबर १९०२ रोजी ब्लॅकबर्नच्या पॅलेस थिएटरात त्याची गाठ हॅरी हुदिनीशी पडली. कोणत्याही बेड्यांतून सुटून दाखवण्याचे हुदिनीचे जाहीर आव्हान होते. हॉजसनने ते स्वीकारले आणि आपल्या स्वतःच्या बेड्या घेऊन तो रंगमंचावर चढला. माणसाच्या सांध्यांना कुठे कसे जखडले की हालचाल अशक्य होते, हे त्याला नेमके ठाऊक होते. त्याने हुदिनीचे हात मागे आवळून बांधले, पाय जखडले. कुलपांत फेरफार केला असल्याची तक्रार हुदिनीने केली. तरी तो झगडत राहिला. सुटायला त्याला जवळपास दोन तास लागले. हात सुजले होते, कातडी सोलवटली होती, कपडे फाटले होते. प्रेक्षक हुदिनीच्या बाजूने संतापले आणि हॉजसनला पोलिसांच्या मदतीने बाहेर पडावे लागले. हुदिनी हा प्रसंग पुढे कधीच विसरला नाही.

या प्रसंगात हॉजसन फारसा लोभस दिसत नाही. त्याच्या स्वभावातली एक कठोर बाजू मात्र त्यात उघड होते. चमत्कार म्हणून मिरवल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची परीक्षा घ्यावी, आणि ती सौम्यपणे घेऊ नये, असे त्याला वाटे. हुदिनीलाही पुढे हाच ध्यास लागला. भोंदू प्रेतमाध्यमांचे पितळ उघडे पाडण्यात त्याने आयुष्याची शेवटची वर्षे घालवली. रंगमंचावर एकमेकांचे वैरी ठरलेले हे दोघे वृत्तीने फार दूरचे नव्हते.

व्यायामशाळा चालली नाही. हॉजसन लेखनाकडे वळला. १९०४ मध्ये त्याची पहिली कथा प्रसिद्ध झाली. आई आणि भावंडांसह तो वेल्सच्या किनाऱ्यावरील बोर्थ या गावी राहू लागला. खिडकीबाहेर समुद्र होता, पण पुन्हा जहाजावर जाण्याची त्याला इच्छा नव्हती. खलाशांच्या, विशेषतः शिकाऊ पोरांच्या पिळवणुकीविरुद्ध त्याने लेख लिहिले; आपण समुद्रावर का नाही, याचा पाढाच एका लेखात वाचला.

समुद्रावरचा अंधार, घराबाहेरचा अंधार

१९०७ मध्ये 'द व्हॉइस इन द नाइट' ही त्याची कथा प्रसिद्ध झाली. शांत, अंधाऱ्या समुद्रात थांबलेल्या जहाजाजवळ एक होडी येते. होडीतला माणूस खायला मागतो, परंतु उजेडात यायला तयार होत नाही. निर्जन बेटावरील बुरशीने त्याला आणि त्याच्या वाग्दत्त वधूला हळूहळू ग्रासले आहे, हे वाचकाला त्याच्या बोलण्यातून उलगडत जाते. या कथेवरून जपानमध्ये १९६३ साली 'मातांगो' हा चित्रपट निघाला.

त्यानंतर लागोपाठ तीन कादंबऱ्या आल्या : १९०७ मध्ये 'द बोट्स ऑफ द ग्लेन कॅरिग', १९०८ मध्ये 'द हाउस ऑन द बॉर्डरलँड' आणि १९०९ मध्ये 'द घोस्ट पायरेट्स'. चौथी, 'द नाइट लँड' ही अवाढव्य कादंबरी १९१२ मध्ये निघाली. तीत सूर्य विझून गेला आहे आणि उरलेली मानवजात एका प्रचंड धातूच्या पिरॅमिडमध्ये कोंडून राहते. पिरॅमिडभोवती पृथ्वीच्या अंतःप्रवाहावर चालणारे एक तेजस्वी रिंगण आहे. बाहेरच्या काळोखातील राक्षसी शक्ती लक्षावधी वर्षे त्या रिंगणाकडे टक लावून बसल्या आहेत.

हॉजसनच्या सर्व लेखनात हे चित्र कोणत्या ना कोणत्या रूपात येते. मध्ये थोडासा उजेड, भोवती अथांग अंधार आणि दोन्हींमध्ये एक पातळ रेघ. भर समुद्रात रात्री कंदील टांगलेले जहाज हे त्या चित्राचे मूळ असावे. जहाजावरच्या माणसाला अंधार नाकारता येत नाही. तो तिथे आहेच. त्याच्या हाती एवढेच असते की शिडे नीट आहेत का, दोर घट्ट आहेत का, पहारा जागा आहे का, हे पाहत राहावे. भीतीवर काम हाच उतारा.

कार्नाकीची हत्यारे

भुतांचा माग काढणारा विद्वान ही कल्पना हॉजसनची नव्हे. आयरिश लेखक शेरिडन ले फानू याने डॉ. मार्टिन हेसेलियस या वैद्याच्या कागदपत्रांच्या रूपाने लिहिलेल्या कथा १८७२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'मध्ये १८९७ साली व्हॅन हेल्सिंग हा प्राध्यापक अवतरला. पुढच्या वर्षी 'पिअर्सन्स मॅगझिन'मधून फ्लॅक्समन लो हा शोधकर्ता आला. १९०८ मध्ये अल्जरनॉन ब्लॅकवुडचा डॉ. जॉन सायलेन्स प्रकट झाला. तो ईव्हली नॅश या प्रकाशकाने काढला होता, आणि पुढे कार्नाकीच्या कथांचा संग्रहही त्यानेच छापला.

हे सारे एका विशिष्ट काळाचे अपत्य होते. १८८२ मध्ये लंडनमध्ये सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च ही संस्था स्थापन झाली. नामवंत शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ भुताखेतांच्या हकिकती पुराव्यानिशी तपासू लागले. १८९५ मध्ये क्ष-किरणांनी जिवंत माणसाच्या हातातील हाडे दाखवली. १९०१ मध्ये मार्कोनीचा बिनतारी संदेश अटलांटिकपार पोहोचला. जे डोळ्यांना दिसत नाही तेही खरे असू शकते, हे आता प्रयोगशाळाच सांगत होती. मग भुतांविषयी निर्वाळा कोणी द्यायचा, धर्मगुरूने की शास्त्रज्ञाने, हा प्रश्न सुशिक्षित माणसाला पडणे स्वाभाविक होते.

मराठी वाचकाला या जातीचा नायक परका नाही. नारायण धारपांचे समर्थ आणि त्यांच्या हकिकती सांगणारे अप्पा यांच्या सोबतीने अनेकांनी रात्री जागवल्या आहेत. समर्थांकडे साधनेचे बळ आहे. त्यांच्या शेजारी बसले की वाचकाला निर्धास्त वाटते. कार्नाकीच्या शेजारी तसे वाटत नाही. तो सिद्धपुरुष नाही. त्याला दिव्यदृष्टी नाही. भीतीने आपली बोबडी वळली, आपण खोलीतून पळालो, हे तो मित्रांना मोकळेपणाने सांगतो. पळाल्यानंतर दुसऱ्या रात्री तो पुन्हा त्याच खोलीत जातो, हे त्याचे वैशिष्ट्य.

त्याची कामाची पद्धत एखाद्या चोख सर्वेक्षकासारखी आहे. आधी घर वरपासून खालपर्यंत तपासायचे, भिंती आणि जमीन ठोकून पाहायची, खिडक्यांना दोरे लावून लाखेची मोहोर करायची, कॅमेरा सज्ज ठेवायचा. यातून मानवी लबाडी सापडली नाही तरच पुढची पायरी. मग खडूने रिंगण आखायचे, भोवती लसूण फिरवायची, पाणी आणि मेणबत्त्या मांडायच्या. हे सारे सिगसँड नावाच्या एका जुन्या काल्पनिक हस्तलिखिताबरहुकूम. आणि त्या रिंगणाच्या आत त्याचे स्वतःचे उपकरण : निर्वात काचनळ्यांचा पंचकोनी तारा, बॅटरीवर चालणारा, मंद निळसर प्रकाश देणारा. आपल्याकडचा मांत्रिक भस्माने रिंगण आखतो. कार्नाकी त्याला विजेची तार जोडतो. एका काल्पनिक प्राध्यापकाच्या प्रयोगांवरून ही युक्ती आपल्याला सुचली, असे तो सांगतो. जुने शहाणपण टाकायचे नाही आणि नवे ज्ञान दूर ठेवायचे नाही, असा हा मनुष्य आहे.

मालेतील पहिल्याच कथेत, 'द गेटवे ऑफ द मॉन्स्टर'मध्ये, या सावधगिरीची कसोटी लागते. एका जुन्या घरातील खोलीत रोज रात्री पलंगावरची पांघरुणे ओढून कोपऱ्यात फेकली जातात आणि दार दाणकन आपटते. कार्नाकी आपल्या रिंगणात बसून रात्र काढतो. एक प्रचंड हात त्याच्याभोवती घिरट्या घालतो, पण आत येऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी खोलीच्या तपासणीत त्याला त्या घराण्याची एक हरवलेली प्राचीन अंगठी सापडते. रात्री ती घेऊनच तो रिंगणात बसतो. तेवढ्यात त्याच्या ध्यानात येते की त्या पिशाच्चाचे प्रवेशद्वार ती अंगठीच आहे, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने संरक्षक रिंगणाच्या आत आणून ठेवले आहे. कसाबसा तो बाहेर उडी घेतो, आणि तेच रिंगण आता त्या राक्षसाचा तुरुंग बनते. भयकथेत इतकी नेमकी कल्पना क्वचित आढळते. धोका बाहेर आहे असे गृहीत धरून माणूस भिंती उभारतो आणि तो खिशात घालूनच आत बसतो.

दोन, दोन आणि दोन

कार्नाकीच्या सहा कथांचा संग्रह १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सहा कथांचा ताळेबंद मांडला तर या प्रकाराच्या मोहिनीचे गमक हाती लागते. दोन कथांत पिशाच्च खरे निघते : एक वर सांगितलेली अंगठीची, दुसरी 'द व्हिसलिंग रूम', जिच्यात आयर्लंडमधील एका किल्ल्याची खोली रात्रभर शीळ घालते. दोन कथांत सारा खेळ माणसांचा असतो. 'द हाउस अमंग द लॉरेल्स'मध्ये ओसाड वाड्यात दबा धरून बसलेली टोळी लोकांना घाबरवत असते. 'द थिंग इनव्हिजिबल'मध्ये खासगी प्रार्थनामंदिरातला आपोआप उडणारा खंजीर हा जुन्या काळी बसवलेल्या यंत्राचा प्रताप ठरतो, आणि तो उलगडा कार्नाकी छायाचित्रे ताडून पाहून करतो. उरलेल्या दोन कथांत दोन्हींची सरमिसळ आहे.

त्यातील 'द हॉर्स ऑफ द इनव्हिजिबल' सर्वांत चटका लावणारी. एका घराण्यात थोरली संतती मुलगी असेल तर तिचे लग्न ठरताच अदृश्य घोड्याच्या टापा ऐकू येतात, अशी दंतकथा आहे. कार्नाकी तपास करतो आणि मुलीवर प्रेम करणारा, निराश झालेला एक नातेवाईकच घोड्याचे सोंग आणत होता, हे सिद्ध होते. प्रकरण मिटले असे वाटते, तोच पुन्हा टापा येतात. या वेळी सोंग आणणारा माणूस सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. तो त्या आवाजाच्या आणि मुलीच्या मध्ये उभा राहतो आणि मरतो.

शेरलॉक होम्सच्या कथेत भूत आले तर ते खोटे ठरणार, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. 'बास्करव्हिल'चा शिकारी कुत्रा शेवटी कुत्राच निघणार. नेहमीच्या भूतकथेत भूत खरे असणार, हेही ठाऊकच असते. कार्नाकीच्या कथेत शेवटच्या पानापर्यंत काहीच ठाऊक नसते. म्हणूनच त्याचा तपास हा खरा तपास वाटतो. श्रद्धाळू माणूस आणि नास्तिक माणूस या दोघांनाही उत्तर आधीच माहीत असते. कार्नाकीला ते शोधावे लागते, आणि जे सापडेल ते मान्य करावे लागते. प्रामाणिक शंका घेऊन अंधाऱ्या खोलीत बसणे हे दोन्ही टोकांच्या खात्रीपेक्षा कठीण आहे. ते धैर्य पाहण्यासाठी वाचक या कथांकडे वळतो.

या कथांत उणिवा नाहीत असे नाही. मांडणीत तोचतोचपणा येतो, भाषा काही ठिकाणी बोजड होते. अमेरिकी भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट याने हॉजसनच्या कादंबऱ्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली, परंतु कार्नाकीला मात्र कमी गुण दिले. तरी सामान्य वाचकाने लव्हक्राफ्टचे ऐकले नाही.

रिंगणाबाहेर

संग्रह निघाला त्याच वर्षी, १९१३ च्या फेब्रुवारीत हॉजसनने बेटी फार्नवर्थ हिच्याशी विवाह केला. ती एका महिला नियतकालिकात काम करीत असे. पैशाची ओढाताण कायम होती, म्हणून स्वस्ताईच्या शोधात हे दांपत्य दक्षिण फ्रान्समध्ये जाऊन राहिले. लेखन चालू होते, नाव थोडेफार झाले होते. पण पोट भरेल इतके उत्पन्न त्या कादंबऱ्यांनी कधी दिले नाही.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. हॉजसन इंग्लंडला परतला आणि लंडन विद्यापीठाच्या लष्करी अधिकारी प्रशिक्षण पथकात दाखल झाला. त्याच्या अनुभवाला साजेसे आरमार होते. पण समुद्राशी त्याला पुन्हा संबंध नको होता. त्याने तोफखाना निवडला. १९१६ मध्ये घोड्यावरून पडून त्याच्या डोक्याला आणि जबड्याला गंभीर इजा झाली आणि त्याला सेवेतून मुक्त करण्यात आले. वय अडतीस, मागे नवपरिणीत पत्नी, शरीर जायबंदी. घरी राहिला असता तर कोणी नाव ठेवले नसते. प्रकृती सावरताच तो पुन्हा भरती झाला आणि आघाडीवर गेला.

एप्रिल १९१८ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियममधील ईप्र शहराच्या परिसरात निकराचा हल्ला चढवला. हॉजसन आघाडीवरील निरीक्षण चौकीत होता. शत्रूच्या तोफा कुठून धडाडतात हे पाहून मागच्या तोफखान्याला अंतर आणि दिशा कळवायची, हे त्याचे काम. माँट केमेल टेकडीच्या परिसरात एक तोफगोळा थेट त्या चौकीवर येऊन आदळला. भीतीचे मोजमाप करण्यात आयुष्य घालवलेला हा माणूस शेवटच्या क्षणीही अंधारातून येणाऱ्या गोष्टीचे अंतर मोजत होता, आणि या खेपेस त्याच्याभोवती कोणतेही रिंगण नव्हते.

त्यानंतर त्याचे नाव झपाट्याने मागे पडले. बेटीने नेटाने प्रयत्न चालू ठेवले. त्याच्या कवितांची दोन पुस्तके १९२० आणि १९२१ मध्ये निघाली, जुन्या कादंबऱ्यांच्या आवृत्त्या आल्या. १९२९ मध्ये 'द हाँटेड जार्वी' ही कार्नाकीची न छापलेली कथा प्रसिद्ध झाली. तीत भुताचा शोध जहाजावर चालतो. १९३० च्या दशकात हर्मन केनिग या अमेरिकी वाचकाने जुन्या प्रती मित्रांमध्ये फिरवल्या. त्यांतूनच त्या लव्हक्राफ्टच्या हाती पडल्या. १९४६ मध्ये आर्कम हाउस या अमेरिकी प्रकाशन संस्थेने चारही कादंबऱ्या एका खंडात छापल्या आणि पुढच्याच वर्षी कार्नाकीच्या कथांची नऊ कथांची वाढीव आवृत्ती निघाली. १९७१ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर डोनल्ड प्लेझेन्स या नटाने कार्नाकी साकारला. आज दूरचित्रवाणीवर यंत्रे घेऊन झपाटलेल्या घरांत फिरणाऱ्या पथकांकडे पाहिले की त्या सर्वांच्या पुढे कार्नाकीची निळी काचनळी लुकलुकताना दिसते. फरक इतकाच की त्यांतील बहुतेकांना काय सापडणार हे आधीच ठरलेले असते.

लंडनमध्ये वावरणाऱ्यांनी हिवाळ्यातील एखाद्या संध्याकाळी बॅटरसी पुलाच्या बाजूने चेनी वॉककडे चालत जावे. एका हाताला थेम्सचे काळे पाणी असते, दुसऱ्या हाताला जुन्या विटांची घरे आणि पिवळट उजेडाच्या खिडक्या. कार्नाकीच्या बिऱ्हाडाचा जो क्रमांक कथांत दिला आहे, तेवढी घरे त्या रस्त्यावर नाहीतच. पण जेवण आटोपलेले चार मित्र नदीकाठाने, काहीसे गप्प होऊन, आपापल्या घराकडे निघाले आहेत, अशी कल्पना करणे तिथे मुळीच अवघड जात नाही.